समद्यांचं धुकं

“ताई, धुकं हाय का?”

लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात राहायला गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हा प्रश्न माझ्या खिडकीतून आत आला. जुलै महिना होता. खिडकीचे गज दिसत होते, त्यांच्यापलीकडे काहीही दिसत नव्हतं. आवाज हाताच्या अंतरावरून येत होता आणि माणूस कुठेच नव्हता. मी चहा गॅसवरून उतरवला आणि म्हटलं, “आहे की. तुम्ही समोर उभे आहात आणि मला दिसत नाही.”

“मग समद्यांचं हाय,” आवाज म्हणाला. “बरं झालं.”

चिखलात वाजणाऱ्या चपला लांब गेल्या. मी तेवढ्यात निष्कर्ष काढला की आपला घरमालक थोडा सरकलेला आहे. पण खोली कोरडी होती, आणि लोणावळ्याच्या पावसाळ्यात कोरडी खोली मिळत असेल तर सरकलेला घरमालक चालतो.

मी तेव्हा लोणावळ्यातल्या एका मोठ्या रिसॉर्टच्या लाँड्रीत सुपरवायझर होते. चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ. ड्रायर बंद पडले की दोऱ्या बांधायच्या, आणि दोऱ्या बांधायच्या तर आधी आकाश बघायचं. सकाळी उठल्याबरोबर बाहेर बघून आज कापड वाळेल की नाही हे सांगणं हा माझ्या नोकरीचा भाग होता. हे घरमालकांना, म्हणजे आबांना, कळलं आणि त्यांनी माझी नेमणूक करून टाकली. घरात त्यांची बायको होती, शेजारी भावकी होती, रस्त्याने येणारेजाणारे होते. पण सकाळचा पहिला प्रश्न मला. “तुमी पगारी मानूस,” ते म्हणायचे. “तुमच्या चादरी वाळायच्या असत्यात. तुमी उगा बरं वाटावं म्हनून बोलनार न्हाई.”

ही स्तुती होती की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आबा साठीच्या पुढचे. उंच, काटक, टोपी नेहमी स्वच्छ. उजवा डोळा इतका तीक्ष्ण की पलीकडच्या बांधावर कोणाची गाय चरतेय ते सांगायचे. डावा डोळा आत बसलेला आणि दुधात बुडवलेल्या करवंदासारखा. पाहणाऱ्याची नजर आपोआप त्या डोळ्याकडे जायची आणि ते आबांना आवडायचं. “बघा की, बघा. त्येला तरी कोन बगनार?” असं म्हणून चेहरा पुढे करायचे. सहलीला आलेली मुलं धुक्यात रस्ता चुकून आमच्या अंगणात यायची. समोरून एक उंच माणूस एका डोळ्यावर तळवा धरून धुक्यातून बाहेर यायचा आणि गंभीरपणे विचारायचा, “तुमाला हे धुकं दिसतंय का?” एकदा एक मुलगी किंचाळून पळाली ती चिखलात पडली. मावशींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, तिला चुलीपाशी बसवून चहा पाजला. आबा दारातून म्हणाले, “घाबरायचं काय? दिसतंय का एवढंच ईचारलं. दिसतंय म्हनली अस्ती तर मी गेलो अस्तो.”

खोली पाहायला गेले त्याच दिवशी मला त्यांचा दुसरा नियम कळला होता. अंगणात पाऊल टाकताच ते म्हणाले, “थांबा. आदी वळख.”

मला वाटलं, आधार कार्ड मागताहेत. मी पर्स उघडली. त्यांनी हात हलवून ती बंद करायला लावली आणि गोठ्याकडून एक काळा, रुंद छातीचा कुत्रा आणला. “हलू नका. खंड्या, ह्या ताई. लाँड्रीत असत्यात. आजपास्नं हितं ऱ्हानार. नीट बघून घे.” कुत्र्यानं माझ्या पायाच्या बोटांपासून पर्सपर्यंत सगळं हुंगलं. त्याला घाई नव्हती, आबांनाही नव्हती. मग कुत्रा वळला आणि जागेवर जाऊन बसला.

“झालं,” आबा म्हणाले. “आता धुक्यात या, अंधारात या, त्यो गप ऱ्हाईल.”

त्या घरात कोणीही आणि काहीही ओळखीशिवाय आत येत नसे. गॅसवाला, पाहुणे, नवं वासरू. मावशींनी बाजारातून नवी घमेली आणली तर तीही खंड्यापुढे ठेवायची. मावशी कपाळावर हात मारायच्या. “घमेल्याला काय चावनार हाय का त्यो?” आबा म्हणायचे, “सवय लागाया पायजे. आपलं काय नि परकं काय, ते त्येला आपून सांगायचं. न्हाई सांगितलं तर त्यो त्येच्या मनानं ठरिवतो.”

यामागे एक गोष्ट होती आणि ती मावशींनी मला तांदूळ निवडता निवडता सांगितली. त्यांचा मुलगा काही वर्षं गुजरातेत कारखान्यात होता. तो गेल्यावर घरात खंड्या आला. मुलगा सुट्टीवर आला तो संध्याकाळी, धुक्यात, हातात मिठाईचा पुडा घेऊन, स्वतःच्या घराच्या स्वतःच्या दारात. खंड्यानं त्याच्या मांडीचा लचका तोडला. मुलगा ओरडत होता, “आरं, मी हितलाच हाय, हितलाच हाय!” कुत्र्याला काय कळणार? भावकीतले लोक काठ्या घेऊन धावले. आबा मध्ये पडले. “त्येची काय चूक?” म्हणाले. “राखनीला ठिवलाय त्येला. ह्यो घरातला हाय हे त्येला कुनी कवा दाखवलं?”

ही गोष्ट झाली आणि पुढच्याच उन्हाळ्यात आबांचा डोळा गेला.

शेजारच्या शेतात कोणाचा तरी बंगला उठला होता. हद्द राहावी म्हणून आबा आपल्या बांधावर काटेरी तार ताणत होते. ताणलेली तार खुंट्यावरून सुटली आणि चाबकासारखी चेहऱ्यावर आली. पुण्याच्या डॉक्टरांनी डोळा शिवला, पण नजर वाचली नाही. मग त्यांनी आबांना समोर बसवून सांगितलं की हा डोळा काढून टाकू. लवकर काढू. नुसता गेलेला डोळा म्हणून नाही, तर दुसरा चांगला डोळा वाचावा म्हणून.

डॉक्टरांचं म्हणणं मावशी सांगायच्या तसं, पण माझ्या शब्दांत लिहिते. डोळ्याच्या आतला जो भाग असतो, तो जन्माच्या आधीपासून बंद पेटीत असतो. रक्तात फिरणारे शरीराचे राखणदार तिथपर्यंत जात नाहीत. त्यांनी तो कधी पाहिलेलाच नसतो. डोळा फुटला की आतलं बाहेर येतं, राखणदारांना ते पहिल्यांदा दिसतं, आणि कधी कधी ते ठरवतात की हा शत्रू आहे. मग ते शत्रू शोधत निघतात. आणि तसाच शत्रू त्यांना दुसऱ्या डोळ्यात सापडतो. ज्या डोळ्याला ओरखडाही आलेला नाही, त्या चांगल्या डोळ्यात.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हंजे आमचा खंड्या.”

डॉक्टरांनी विचारलं, “खंड्या कोण?”

आबांनी सांगितलं. मावशी म्हणतात, डॉक्टर आधी हसले आणि मग हसायचे थांबले. “हो,” म्हणाले. “तसंच.”

तरीही आबांनी डोळा काढू दिला नाही. “घरातलं मानूस आंधळं झालं म्हनून कुनी त्येला दाराभायेर ठिवतं का?” एवढंच बोलले आणि उठले. डॉक्टर त्यांच्यामागे दारापर्यंत आले. होईलच असं नाही, पण महिन्यांनी होईल, वर्षांनीही होईल. चांगला डोळा लाल झाला, उजेड सोसेना, जवळचं दिसेना, समोर धुरकट वाटलं, तर त्याच दिवशी यायचं. उद्या नाही. त्याच दिवशी आलात तर बहुधा सावरता येतं. उशीर केलात तर दोन्ही गेले.

आता लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाला ‘समोर धुरकट वाटलं तर या’ असं सांगणं म्हणजे काय, हे पुण्यात बसलेल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं नसावं. पावसाळाभर आम्हाला समोर धुरकटच वाटतं.

आबांनी यावर स्वतःची पद्धत बसवली होती. सकाळी पडवीच्या टोकाला उभं राहायचं, डाव्या डोळ्यावर तळवा ठेवायचा आणि नागफणीच्या सुळक्यावरचा झेंडा शोधायचा. झेंडा दिसला की दिवस सुरू. झेंडा ढगात असेल तर जांभळाचं झाड. झाड नसेल तर विजेचा खांब. खांब नसेल तर गोठा. गोठाही गेला की मग माझ्या खिडकीचे गज, आणि गज पुसट दिसले की प्रश्न: ताई, धुकं हाय का? मी ‘आहे’ म्हटलं की ते सगळ्यांचं धुकं. मी ‘नाही’ म्हटलं असतं, तर ते त्यांचं एकट्याचं.

ही सगळी आबांची समजूत असेल असं मला वाटायचं. खेड्यात डोळ्यांबद्दल बऱ्याच समजुती असतात. रिसॉर्टमध्ये एकदा कामगारांसाठी डोळे तपासणीचं शिबिर होतं, तेव्हा तिथल्या डॉक्टरला मी सरळ विचारलं. तरुण होता, भराभर लोक तपासत होता. माझा प्रश्न ऐकून त्याचा हात थांबला. “खरं आहे,” म्हणाला. “फार क्वचित होतं, पण होतं. ते गृहस्थ रोज तपासतात? तपासू दे. थट्टा करू नका.”

मी थट्टा करत नव्हतेच. पण त्या दिवसापासून उत्तर देण्याआधी खिडकीपर्यंत जाऊन नीट बघायला लागले.

आणखी एक सांगायला हवं. पडवीतल्या खांबाला दाढीचा छोटा आरसा टांगलेला होता. एकदा संध्याकाळी मी किल्ली द्यायला गेले तर आबा आरशापुढे उभे होते. दाढीचं सामान नव्हतं. त्यांनी चांगला डोळा तळव्यानं झाकला होता आणि आरशात फक्त तो दुधाळ डोळा उघडा होता. हलक्या आवाजात, खंड्याशी बोलायचे त्याच सुरात, ते बोलत होते.

“ह्यो आपलाच हाय. फुटलाय, पन आपला हाय. बघून घे.” मग तळवा बदलला. “नि ह्यो त्येचा भाऊ. ह्यो बी आपलाच. ह्येच्यावर धावू नगं. वळख ठेव.”

पुन्हा तळवा बदलला. पुन्हा तेच. कोणाशी बोलत होते हे मला कळायला वेळ लागला नाही. डोळ्यांशी नाही. आतमध्ये जो कोण फिरत होता, त्याच्याशी.

मी जागची हलले नव्हते, चपलाही वाजल्या नव्हत्या. आबांचा चांगला डोळा झाकलेला होता. आणि आरशातला तो मेलेला डोळा सावकाश फिरला आणि माझ्यावर येऊन थांबला.

“या ताई,” आबा म्हणाले.

दोन्ही डोळे बरोबरच फिरतात, एक तळव्याआड हलला की दुसराही हलतो, हे मला ठाऊक आहे. पाऊल नसेल तर किल्लीचा जुडगा वाजला असेल. तरी मी किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि परत आले. नंतर कितीतरी दिवस संध्याकाळी त्या बाजूला गेले नाही.

त्या वर्षी दसरा झाला आणि साताऱ्याला माझी आई अंगणात पडली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी रजा टाकून गेले. निघताना आबा म्हणाले, “आता सकाळी कुनाला ईचारायचं?”

“मावशींना विचारा.”

“ती मला बरं वाटावं म्हनून बोलती.”

“मग झेंडा बघा. आता पाऊस संपलाय.”

परत आले तेव्हा भाताची कापणी सुरू होती. भर दुपार. कार्तिकातलं ऊन, आकाश धुतल्यासारखं, नागफणी इतकी स्वच्छ की कड्यावरच्या कपारी मोजता याव्यात. रिक्षानं मला वळणावर सोडलं. बॅग घेऊन शेताच्या कडेनं येत होते, तेवढ्यात बांधावर आबा दिसले. एक हात पुढे धरून, पावलानं जमीन चाचपत चालले होते. चांगल्या डोळ्याच्या कडा लाल होत्या आणि टोपी कपाळावर ओढलेली होती.

“कोन कापतंय रं तितं?” त्यांनी आवाज दिला.

“आमी हाय आबा!” शेतातून एक बाई ओरडली. तिच्या हातातला विळा उन्हात चमकत होता. “जपून चला! लय धुकं हाय!”

“व्हय आबा,” दुसरा म्हणाला. “औंदा उठंना बगा धुकं!”

मी उभी राहिले. आधी वाटलं चेष्टा चालली आहे. पण कोणी हसत नव्हतं. घाम पुसत, डोळ्यांवर हात धरत, ती सगळी माणसं रखरखीत उन्हात एका माणसाला धुकं आहे म्हणून सांगत होती. मी त्यांच्याकडे पाहिलं तशा माना खाली गेल्या आणि विळे पुन्हा चालू लागले.

मी अंगणात पोचले. आबाही पोचले होते. माझ्यापासून चार हातांवर उभे राहून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खंड्या उठला, माझ्याजवळ आला, बॅग हुंगली आणि शेपूट हलवली.

“खंड्या, कोन हाय रं?” आबांनी विचारलं. कुत्रा गप्प. “भुंकला न्हाईस म्हंजे वळखीचं हाय.” मग माझ्या दिशेनं हसून म्हणाले, “कोन ते बोला की. धुक्यात काय बी दिसंना.”

त्यांच्यामागे, दारात, मावशी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. नाही, नाही. पदराचं टोक तोंडात धरलेलं.

“मी आहे आबा,” मी म्हटलं. “जरा मावशींशी बोलून येते.”

आत चुलीपाशी त्या खाली बसल्या. “तुमी गेल्यावर मला पैल्यांदा ईचारलं त्या सकाळी खरंच धुकं व्हतं,” म्हणाल्या. “मी म्हनलं हाय. दुपारी परत ईचारलं. माज्या तोंडातनं सवयीनं हाय गेलं. मग माज्या ध्यानात आलं. दुपारी कुटलं आलंय धुकं?”

“मग तेव्हाच का नाही सांगितलं?”

“ते म्हनले, मग समद्यांचं हाय, नि हसलं. जेवलं पोटभर. कसं सांगू? आज सांगू, उद्या सांगू. बोललं की ते खरं हुतं ताई. न्हाई बोललं तर बसंल निवून.” त्यांनी डोळे पुसले. “मी एकटी खोटी पडले अस्ते, म्हनून भावकीला बी सांगितलं. समदी हाय म्हनत्यात.”

“मुलाला?”

“त्यो लोनावळ्यात. त्येला ठावं न्हाई.”

“फोन करा त्याला. गाडी घेऊन ये म्हणावं. आत्ता.”

“तुमी नगा सांगू. तुमी सांगितलं तर त्येस्नी खरं वाटंल.”

त्याचसाठी तर मला नेमलं होतं. मी बाहेर आले. आबा अंगणात तसेच उभे होते, चेहरा नागफणीकडे. मी जवळ जाताच त्यांनी विचारलं. आवाज नेहमीचा, पण दोन्ही हातांनी धोतर धरून ठेवलेलं.

“ताई, धुकं हाय का?”

मावशी दारात आल्या होत्या. शेतातले विळेही थांबले होते असं मला वाटलं.

“नाही, आबा.”

मी त्यांचा हात धरून दोरीपाशी नेला. मावशींचं नऊवारी लुगडं सकाळपासून वाळत होतं. त्याचा काठ त्यांच्या मुठीत दिला. कापड कडकडीत, गरम. “माझं कामच हे आहे,” मी म्हटलं. “धुक्यात लुगडं असं वाळत नाही.”

आबांनी काठ चुरगळला. गालाला लावला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी ओरडा ऐकायची तयारी ठेवली होती. पण ते मावशींच्या दिशेनं वळले आणि फक्त म्हणाले, “कवापास्नं?”

मावशींनी पदर तोंडावर घेतला.

“म्हंजे माजं एकट्याचं हाय,” आबा म्हणाले. मग टोपी सारखी केली. “गाडी बोलवा.”

मुलगा आला. निघायच्या आधी आबा आरशाकडे गेले नाहीत. खंड्याशेजारी बसले आणि त्याच्या कानाशी म्हणाले, “जाऊन येतो. वळख ठेव.”

आम्ही एक्सप्रेसवेनं पुण्याकडे निघालो. उर्शाच्या टोलनाक्यावर गाडी रांगेत थांबली. आबांनी काचेला हात लावला.

“हितं बी हाय का?”

मावशी रडायला लागल्या. मुलगा समोर बघत राहिला. “नाही,” मी म्हटलं.

“माज्यासंगं आलंय तर,” आबा म्हणाले, आणि टोपी डोळ्यांवर ओढून बसले.

पुण्यात डॉक्टरांनी पाहिलं आणि त्याच दिवशी भरती करून घेतलं. सुयांमधून, मग गोळ्यांमधून, खूप औषधं. शरीराच्या राखणदारांना गुंगीत ठेवायची औषधं, असं डॉक्टर म्हणाले. गेलेला डोळा आता काढून उपयोग नाही, तो राहू दे. थोडा उशीर झालाय, फार नाही. आणखी थोडे दिवस धुकं आहे धुकं आहे करत बसला असतात तर दोन्ही डोळ्यांत तेच राहिलं असतं. मावशींनी हे खाली मान घालून ऐकलं. आबांनी त्यांना एका शब्दानं टोकलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. फक्त एकदा माझ्यासमोर म्हणाले, “तिची काय चूक? राखनच करत व्हती.”

ते घरी परतले ते थंडीत. मी कामावरून मुद्दाम लवकर आले होते. गाडीतून एक माणूस उतरला, आणि क्षणभर मीही ओळखलं नाही. औषधांनी चेहरा सुजून गोल झाला होता, गालांची हाडं कुठेच नव्हती, मान जाड, डोळ्यांवर काळा चष्मा. अंगाला दवाखान्याचा वास. काटक आबांच्या धोतरात दुसराच कोणी तरी.

खंड्या उठला. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले.

मुलगा पट्टा धरायला धावला. “थांब,” आबा म्हणाले. “कुनी मधी येऊ नका. कुनी नाव घेऊ नका. त्येचं त्येला कळू द्या.”

कुत्रा दात दाखवत पुढे आला. घशातून तो आवाज येत होता, जो मी त्या अंगणात कधी ऐकला नव्हता. मुलाचा हात आपोआप मांडीवरच्या जुन्या जखमेकडे गेला. आबांनी चष्मा काढला. एक डोळा दुधाळ, एक लाल. आल्यागेल्या प्रत्येकाची ओळख करून देणारा माणूस आपल्याच दारात हात पुढे करून उभा राहिला.

“मी हाय,” म्हणाले. “हितलाच हाय.”

खंड्या भुंकला. हातावर नाक नेलं, मागे घेतलं, गुरगुरला. पुन्हा नेलं. मग पायांपाशी गेला आणि त्या जुन्या चपलांवर नाक टेकवून उभा राहिला. मावशी काहीतरी पुटपुटत होत्या, देवाचं नाव असेल. कुत्र्यानं वर पाहिलं. शेपूट हलवली नाही. पण धावलाही नाही. वळला, जागेवर जाऊन बसला आणि तिथून त्या सुजलेल्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

आबांनी हात खाली घेतला. “एवढं बास हाय,” म्हणाले. मग नागफणीकडे तोंड करून, डाव्या डोळ्यावर तळवा ठेवून उभे राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “सुळका हाय. झेंडा न्हाई.”

झेंडा त्यांना त्यानंतर कधी दिसला नाही. जांभळाचं झाड दिसतं. औषधं चालू आहेत, कमी केली की त्रास डोकं वर काढतो, पुन्हा वाढवतात. मावशी आता खोटं बोलत नाहीत. उलट कुरवंड्यात उन्हाच्या दिवशी आबा रस्त्यावर दिसले की लोक न विचारता ओरडतात, “आबा, ऊन हाय!” नव्यानं आलेल्या माणसाला हा काय प्रकार आहे ते कळत नाही.

मी तळेगावला बदलून गेले. यंदा श्रावणात सवड काढून भेटायला गेले, तर वळणापासून पुढे काही दिसत नव्हतं. अंदाजानं अंगणात शिरले आणि थांबले. समोर कोणीतरी होतं. अगदी जवळ.

“ताई, धुकं हाय का?”

मी काही बोलले नव्हते. कशावरून ओळखलं, ते मी विचारलं नाही.

“आहे आबा. भरपूर.”

“मग समद्यांचं हाय,” आवाज म्हणाला. मग थोडं थांबून: “थोडं माजं बी हाय त्यात. पन त्येची आता वळख झाली.”

माणूस दिसेना. गोठ्याच्या बाजूनं चार पायांची चाहूल आली, आणि एक ओलं नाक माझ्या पायाच्या बोटांना लागलं. मी हलले नाही. त्या अंगणात ओळख पटेपर्यंत हलायचं नसतं.